कंसातली पदवी: एका बीएमएस विभागाचा जून २०२४

जून २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावरची पाटी बदलली. नवी करायला वेळ नव्हता. 'बी.एम.एस.' (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) या अक्षरांवर पांढरी व्हिनाइलची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' छापून आणलं. नवं नाव जुन्याच्या तिप्पट लांब, त्यामुळे शेवटचा कंस पाटीवर मावला नाही, लाकडी चौकटीवर चढला. पुढे पावसात चौकट फुगली तेव्हा पहिला तोच सुटला.

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरातलं आमचं कॉलेज. मी या विभागाची समन्वयक. म्हणजे शिकवायचं, वेळापत्रक लावायचं, आणि मे-जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीशी बसायचं. त्याच आठवड्यात एक काका मुलीला घेऊन आले. कॉमर्स, ७८ टक्के, गुणपत्रिकेची झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट घातलेली.

"मॅडम, आम्हाला बीएमएस पाहिजे. बीकॉम नको. बीकॉम घराजवळ पण आहे."

"काका, हे तेच आहे. नाव बदललंय फक्त."

"तेच आहे तर नाव कशाला बदललं?"

मुलगी खाली बघत होती. मागे रांग होती. मी म्हटलं, "नियम बदललेत." काका म्हणाले, "मग तेच कसं?"

तिथे मला उत्तर देता आलं नाही. पुढे वर्षभर कागद चाळल्यावर आलं, ते इथे मांडते.

आधी काय होतं

मुंबई विद्यापीठात बीएमएस सुरू झाला १९९९-२००० च्या सुमारास. पाठोपाठ माध्यमांचा बीएमएम, मग लेखांकन, बँकिंग-विमा आणि वित्तबाजार यांचे बीएएफ, बीबीआय, बीएफएम अशी रांग लागली. हे सगळे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम. सरकारचं अनुदान नाही, मुलांच्या फीवर विभाग चालतो आणि शिक्षकांत तासिका तत्त्वावरचे बरेच. उपनगरातल्या कॉलेजांचा हिशेबच या अभ्यासक्रमांनी बदलला. अनुदानित बी.कॉम. सकाळच्या सत्रात गच्च भरलेलं, आणि वरच्या मजल्यावर एसीचा एक वर्ग, ६० ची तुकडी, 'सेल्फ फायनान्स' म्हणून ओळखली जाणारी वेगळी दुनिया. पालकांच्या मनात बीएमएस म्हणजे धाकटं एमबीए. आम्हीही तो समज मोडायच्या भानगडीत कधी पडलो नाही.

शिकवायचो काय? जुन्या पहिल्या सत्राचे सात पेपर मला पाठ आहेत: वित्तीय लेखांकनाची ओळख, बिझनेस लॉ, संख्याशास्त्र, बिझनेस कम्युनिकेशन, फाउंडेशन कोर्स, मानवी कौशल्यं आणि अर्थशास्त्र. यातले निम्मे तरी विषय खालच्या मजल्यावरच्या बी.कॉम.च्या वर्गातही वेगळ्या वेष्टनात शिकवले जात. दुसऱ्या वर्षापासून मात्र फाटा फुटायचा: फायनान्स, मार्केटिंग किंवा एचआर. प्रवेश बारावीच्या गुणांवर, आणि मेरिट लिस्ट कला, वाणिज्य, विज्ञान अशी शाखावार. आमच्याच ज्युनियर कॉलेजातल्या मुलांना इनहाउस कोट्यातून आधी जागा.

विद्यापीठाच्या कागदावर हा सारा पसारा 'वाणिज्य व व्यवस्थापन' या विद्याशाखेत होता. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नं चार विद्याशाखा ठरवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. वाणिज्य आणि व्यवस्थापन यांच्यामधला 'व' तेव्हा कुणाच्या लक्षातही आला नाही. २०२४ चं सगळं भांडण त्या एका अक्षराचं निघालं.

पदवीला चार मालक

आपण समजतो की पदवी विद्यापीठ देतं, तेव्हा ती काय आहे हेही विद्यापीठच ठरवत असणार. अभ्यास मंडळ अभ्यासक्रम बनवतं, विद्या परिषद मंजूर करते, इथवर ते खरं आहे. पण पदवीच्या नावाचा मालक वेगळा आहे. तो यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. यूजीसी कायदा, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे पदवी म्हणजे तीच, जी आयोगानं केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीनं राजपत्रात नोंदवलेली आहे. यादीत नसलेलं नाव छापलं तर कागद छान दिसेल, पण ती पदवी नव्हे. २०१४ च्या जुलैत ही यादी नव्यानं प्रसिद्ध झाली आणि देशभरच्या विद्यापीठांना आपली हौशी नावं तपासावी लागली. त्यातून रूढ झालेली सोय म्हणजे कंस. बाहेर बी.ए., बी.कॉम., बी.एससी. असं सरळ नाव, आत हवं ते वैशिष्ट्य. मुंबईतला बीएमएम याच वाटेनं पुढे बी.ए. (मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन) झाला. बीएएफही कागदावर बी.कॉम. (अकाउंटिंग अँड फायनान्स). पोरं अजूनही 'बॅफ'च म्हणतात.

तिसरा मालक तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई. १९८७ च्या तिच्या कायद्यात तंत्रशिक्षणाची व्याख्या आहे: अभियांत्रिकी, तंत्रज्ञान, वास्तुकला, नगररचना, व्यवस्थापन, औषधनिर्माणशास्त्र, उपयोजित कला व हस्तकला. व्यवस्थापन हा शब्द त्यात पहिल्या दिवसापासून आहे. तरी पदव्युत्तर एमबीएला परिषदेची मान्यता लागायची आणि पदवी स्तरावरचे बीबीए, बीएमएस कुंपणाबाहेर राहायचे. व्याख्या होती, ती लागू करणं मात्र राहून गेलं होतं. आमच्यासारख्यांनी त्या राहून गेलेल्या कामाला आपला हक्क समजून पंचवीस वर्षं काढली.

कोर्टातही हा मामला सरळ नाही. 'तांत्रिक संस्था' कुणाला म्हणायचं हे सांगताना त्याच कायद्यानं विद्यापीठाला वगळलं आहे. भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, विद्यापीठाला असा अभ्यासक्रम काढायला परिषदेची पूर्वपरवानगी नको. २०१३ च्या एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या खासगी कॉलेजांच्या प्रकरणात हाच न्याय संलग्न कॉलेजांपर्यंत पोचला. आणि वर्षभरात, ९ मे २०१४ ला, ओडिशाच्या कॉलेजांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाच्या आदेशानं व्यवस्थापनासह तांत्रिक अभ्यासक्रम चालवणाऱ्या संलग्न कॉलेजांना परिषदेची मान्यता पुन्हा सक्तीची केली. ज्या कॉलेजांनी तेराव्या सालचा निकाल फ्रेम करून लावला असेल, त्यांनी चौदाव्या साली ती उतरवली असेल.

चौथा मालक राज्य सरकार. २०१५ चा एक कायदा आहे, खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचे प्रवेश आणि शुल्क यांचं नियमन करणारा. अभ्यासक्रम एकदा 'व्यावसायिक' ठरला की प्रवेश सीईटी या सामायिक प्रवेश परीक्षेनं आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांतून, आणि फी शुल्क नियामक प्राधिकरणाकडून. कॉलेजनं खर्चाचे ताळेबंद द्यायचे, प्राधिकरणानं आकडा मंजूर करायचा.

म्हणजे वर्गात तोच फळा, तेच बॅलन्स शीट. पण व्यवस्थापन म्हटलं की मान्यता एकाची, प्रवेश दुसऱ्याचा, फी तिसऱ्याची. वाणिज्य म्हटलं की सगळं विद्यापीठाचं. काकांना मी 'तेच आहे' म्हणाले ते खिडकीच्या आतून बघून. बाहेरून बघणाऱ्यासाठी ते तेच नव्हतं.

मार्चमधली बैठक

२०२३ च्या अखेरीस परिषदेनं २०२४ ते २०२७ साठीची मान्यता पुस्तिका काढली आणि बीबीए, संगणकाचा बीसीए आणि बीएमएस हे तिन्ही आपल्या कक्षेत घेतले. जुन्या कॉलेजांना काही सवलतीही दिल्या. राज्यानं लगोलग सीईटी जाहीर केली. आमच्याकडे चर्चेला मार्च उजाडला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये संस्थेचे दोन पदाधिकारी, कार्यालयीन अधीक्षक आणि मी. चहा दोनदा आला.

पर्याय तीन होते. परिषदेकडे अर्ज करायचा आणि सीईटीत उतरायचं. नाव बदलून कंसात जायचं. किंवा एक वर्ष प्रवेशच करायचे नाहीत. तिसरा पर्याय कुणी गंभीरपणे घेतला नाही. साठ मुलांची फी गेली तर तासिकावाल्यांचे पैसे कुठून द्यायचे, एवढ्यावर तो संपला.

पहिल्याच्या बाजूनं मी बोलले, हे नोंदवून ठेवते, कारण पुढे दुसऱ्यावर सही माझीही आहे. माझं म्हणणं असं की आपण व्यवस्थापन शिकवतो असं माहितीपत्रकात पंचवीस वर्षं छापतोय, आता तपासायला कुणी आलं की आम्ही वाणिज्यवाले म्हणणं बरं दिसत नाही. पदाधिकाऱ्यांपैकी एक शांतपणे म्हणाले, "मॅडम, बरं दिसण्याचा प्रश्न नाही. सीईटीला बसतील किती?"

प्रश्न अचूक होता. बीएमएसला येणारं आमचं मूल कसं येतं? बारावीचा निकाल लागतो, टक्के कळतात, मग घरात ठरतं. सीईटीचे अर्ज भरायचे मार्च-एप्रिलमध्ये, आणि त्या साली निकाल लागला २१ मेला. ज्या घरात जेईई-नीटची भाषा नाही, तिथे बी.कॉम.च्या शेजारच्या वर्गासाठी प्रवेश परीक्षा असते हे कुणाच्या डोक्यात येणार? शिवाय इनहाउस कोटा कॅपमध्ये चालत नाही. आमच्याच बारावीतली मुलं आमच्याच हातून सुटणार. अधीक्षकांची काळजी निराळी होती. शुल्क प्राधिकरणाला द्यायचे हिशेब विभागवार वेगळे ठेवलेलेच नव्हते.

आणि तेच साल नव्या शैक्षणिक धोरणाचं. संलग्न कॉलेजांत मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, सत्राला २२ क्रेडिट हे सगळं २०२४-२५ पासून येणार होतं. अभ्यासक्रम असाही नव्यानं लिहिला जात होता. मग नाव बदललं तर वेगळं काय? कंसातलं नाव विद्यापीठाकडे होतंच. बैठक तिथे संपली. मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ कॉलेजांत त्या महिन्यांत अशाच बैठका झाल्या आणि अशाच संपल्या.

पुण्याकडचं एक उदाहरण मला यात नेहमी आठवतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संगणकाची पदवी दोन घरांत वाढली. बीसीए (सायन्स) विज्ञान शाखेत, आणि वाणिज्य शाखेतली तिची बहीण बीबीए (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन). दोन्हीकडे सी प्रोग्रॅमिंग, दोन्हीकडे डेटाबेस. एकाच कॉलेजच्या दोन मजल्यांवर दोन्ही चालतात, आणि घरी सांगताना दोन्ही मुलं 'कॉम्प्युटर करतोय' म्हणतात. तेव्हा अभ्यासक्रम कप्प्यात घालणं हे ज्ञानाच्या स्वरूपावरून होतं असं जे पुस्तकात असतं, ते मी आता मुलांना शिकवताना जरा घाईनं उरकते.

जून ते सप्टेंबर

सीईटी मेअखेर झाली. १०० प्रश्न, ९० मिनिटं: इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान, संगणकाची तोंडओळख. व्यवस्थापनाच्या मुलाला लागेल असं हिशेबाचं त्यात काही नाही, पण तो वेगळा विषय. राज्यात जागा होत्या सुमारे १ लाख ८ हजार आणि परीक्षेला बसले सुमारे ४८ हजार. बसलेल्या प्रत्येकाला जागा दिली तरी निम्म्याहून जास्त बाकं रिकामी. मग ऑगस्टमध्ये अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. मधल्या काळात बी.कॉम.चे, म्हणजे कंसवाल्यांचेही, वर्ग सुरू होऊन पहिल्या चाचण्यांची तयारी चालली होती. २०२५ मध्येही अतिरिक्त परीक्षा घ्यायची वेळ आलीच.

आमची साठातली सगळी बाकं भरली. संस्थेच्या बैठकीत माझं अभिनंदन झालं. मला ते घेताना अवघडल्यासारखं झालं, कारण जुलैत एक कागद आला होता.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. अट: मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रम, आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून. मी तो दोनदा वाचला. मग प्रवेशाचं रजिस्टर काढलं आणि पेन्सिलनं खुणा करत गेले. साठात मुली चौतीस. त्यातल्या अकरा जणी त्या निर्णयाच्या जात-उत्पन्नाच्या रकान्यात बसत होत्या. बीएमएस म्हणून, सीईटी देऊन, कॅपमधून याच वर्गात येऊन बसल्या असत्या तर फी माफ. बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) म्हणून बसल्या, तर पूर्ण.

मार्चमध्ये हा निर्णय कुणाला ठाऊक नव्हता, तेव्हा तो आम्ही धरायला हवा होता असं म्हणता येणार नाही. पण त्या बैठकीत आम्ही नावाचे परिणाम मोजले ते कॉलेजचे: जागा, कोटा, हिशेब. अभ्यासक्रम पारंपरिक की व्यावसायिक या शब्दावर विद्यार्थ्याच्या घरचा खर्च फिरतो हे आम्हा चौघांनाही माहीत होतं, शिष्यवृत्तीचे अर्ज आम्हीच दरवर्षी पडताळतो. कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी 'बरं दिसत नाही' यावर अडले होते.

खुणा केलेल्यांत काकांची मुलगी होती.

परिषदेची बाजूही एकदम निर्दोष नाही, हे लिहायला हवं. पंचवीस वर्षं मोकळं सोडलेलं कुरण एका शैक्षणिक वर्षात कुंपणात घ्यायचं, तेही बारावीची परीक्षा तोंडावर असताना, याला नियोजन म्हणत नाहीत. कक्षेत घेण्यामागचा हेतू मला पटतो. दोन खोल्यांत बीबीए चालवणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. पण एक वर्ष आधी सांगून, शाळा-ज्युनियर कॉलेजांत माहिती देऊन, पहिल्या वर्षी बारावीच्या गुणांवर कॅप आणि दुसऱ्या वर्षापासून सीईटी असं केलं असतं, तर अर्ध्या पाट्यांवर पट्ट्या चिकटल्या नसत्या. कंसात गेलेले आम्ही काही बंडखोर नव्हतो. घाबरलेले होतो.

पदवीच्या किमतीचं काय? पालक सर्वांत जास्त हेच विचारतात. महाराष्ट्रात एमबीएला कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी चालते, खुल्या वर्गाला ५० टक्के हवेत आणि राखीव वर्गाला ४५. स्पर्धा परीक्षांनाही पदवीधर असणं पुरतं. त्यामुळे दारं बंद झाली नाहीत. जिथे जाहिरातीत 'वाणिज्य पदवीधर' लिहिलेलं असतं तिथे कंसाबाहेरचं बी.कॉम. उलट सोयीचं, आणि जिथे 'बीबीए/बीएमएस' लिहिलेलं असतं तिथे समजावत बसायचं. आमच्याकडे दर महिन्याला एखादा जुना विद्यार्थी पत्र मागायला येतो, की २०१६ चा माझा बीएमएस आणि आत्ताचा हा बी.कॉम. एकच आहेत असं लिहून द्या. अधीक्षक विचारतात, "लिहू का?" मी त्यांना सांगते, विषयांची यादी जोडा, एकच आहेत असं लिहू नका. ते ठरवायचा अधिकार आपला नाही.

काकांची मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. फायनान्स घेतलंय, संख्याशास्त्रात चांगली आहे. फीचा विषय तिच्या वडिलांनी एकदाच काढला, दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरताना. त्यांच्या भावाच्या मुलीला दुसऱ्या कॉलेजात बीबीएला माफी मिळाली होती. "मॅडम, तुम्ही तेव्हा तेच आहे म्हणाला होता," एवढंच बोलले आणि पावती घेऊन गेले.

मागच्या आठवड्यात ती स्टाफरूममध्ये आली, इंटर्नशिपसाठी बायोडेटा घेऊन. दोन प्रती काढल्या होत्या. एकीवर 'बी.कॉम.', दुसरीवर 'बीएमएस'. विचारलं, "मॅडम, यातली कुठली देऊ?" मी म्हटलं, गुणपत्रिकेवर छापलंय तसं पूर्ण लिही, कंसासकट. ती म्हणाली, "लिहिलं होतं. फॉर्ममध्ये कंस टाकला की एरर येतो."